डोंगरावर हरवलेला माणूस शोधतात कसा, आणि शोध थांबवतात कधी

हर्णैच्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय. त्यांच्या भाच्याचा गिर्यारोहणाचा ॲडव्हान्स कोर्स झालाय आणि येत्या मोसमात तो नेपाळमध्ये एका सात हजारी शिखरावर चाललाय. ताई लिहितात, "आमच्याकडे एखादी बोट वेळेत बंदरात आली नाही तर बाकीच्या बोटी शोधायला बाहेर पडतात, आठ आठ दिवस फिरतात. डोंगरावर पोरगं हरवलं तर कोण जातं? हेलिकॉप्टर, ड्रोन, सॅटेलाईट सगळं असताना बातमीत चौथ्या दिवशी शोध थांबवला असं का येतं?"

ताई, मी खेडचा. सव्वीस वर्षं झाली, आमच्या भागात घाटात, गडावर, धबधब्यावर कोणी अडकलं किंवा हरवलं की जे आठ-दहा जण रोप घेऊन निघतात त्यातला मी एक. बेसिक, ॲडव्हान्स आणि सर्च अँड रेस्क्यू हे तिन्ही कोर्स उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून केले आणि हिमालयात दोन शोधमोहिमांत होतो. त्यातल्या एका मोहिमेत आम्हाला माणूस सापडला नाही, त्याबद्दल पुढे सांगतो. उत्तर लांबणार आहे, पण तुमच्या घरातलं पोरगं जाणार आहे म्हणजे तुम्ही ते नीट वाचाल.

तुम्ही बोटीचं उदाहरण दिलंत ते बरोबर जागी दिलंत. तुमच्या बंदरातला जुना तांडेल शोधायला निघताना पहिल्यांदा काय विचारतो ते आठवा. बोट शेवटची कोणी बघितली, किती वाव पाण्यात होती, वारा कुठला होता, इंजिन चालू होतं का, भरती होती की ओहोटी. तो अख्खा समुद्र शोधायला जात नाही, या चार-पाच उत्तरांवरून शोधायचा समुद्र एवढासा करतो आणि मग निघतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडला सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसट्या वाहून गेल्या, तेव्हाही तेच झालं. गाड्या शोधायला आठवड्याहून जास्त लागला, नेव्हीचे डायव्हर होते तरी, आणि मृतदेह पार आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत गेले होते. पाणी कुठे नेतं हे ज्याला कळतं त्यानेच शोधायचं असतं. डोंगरालाही असंच वाहणं असतं, फक्त ते उताराचं, बर्फाचं आणि माणसाच्या स्वभावाचं असतं.

स्वभावाचं म्हणजे काय ते आमच्याकडच्याच एका रात्रीवरून सांगतो. डिसेंबर होता. मुंबईची चार मुलं रसाळगड-सुमारगड-महिपतगड करायला आली होती, त्यातला एक सुमारगडाच्या पुढे जंगलात मागे राहिला. ते जंगल ज्याने बघितलंय त्याला माहितीय, कारवी डोक्याच्या वर जाते आणि दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. गावात लगेच चकवा लागला म्हणून बोलणं सुरू झालं, आणि मला त्यात नाकारण्यासारखं काही वाटत नाही, चकवा म्हणजे माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो, हे आम्ही जीपीएसवर कितीदा बघितलंय. पोलीस पाटलांनी राखणदाराला नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही मित्रांना बसवून प्रश्न विचारायला लागलो. शेवटचा फोन कधी आला? चार चाळीसला. काय म्हणाला? "खाली घरं दिसतायत, मी उतरतोय." मग बॅटरी गेली.

या एका वाक्यावर आम्ही अर्धा तास घालवला, बाहेर लोक चिडले होते की हे बसलेत काय, निघत का नाहीत. पण घरं दिसतायत म्हणजे तो धारेच्या कुठल्या बाजूला आहे हे नक्की झालं, कारण दुसऱ्या बाजूने फक्त जंगल दिसतं. एका धनगरवाड्यावरचे आजोबा आमच्यात बसले होते, ते म्हणाले, "घरं बघून उतरतोय ना, मग तो पाण्याच्या वाटेनंच उतरनार, आनि कड्याशी जाऊन बसनार." सह्याद्रीत हरवलेल्या माणसाचं हेच होतं. ओढा दिसला की त्याला वाटतं हा खाली गावात जाईल, ओढा जातोही गावात, पण मधे दोनशे फुटांचा कोरडा धबधबा असतो. वर चढायची ताकद नाही, खाली उतरायला जागा नाही.

तीन ओढे होते, आम्ही अकरा जण तीन गटांत गेलो. दर दहा मिनिटांनी थांबायचं, शिट्टी मारायची, सगळ्यांनी हेडलॅम्प बंद करायचे आणि एक मिनिट कोणी हलायचं नाही, दप्तराचा बंद कुरकुरला तरी चालायचं नाही. रात्री अडीचच्या सुमाराला शिट्टीनंतर खालून बारीक आवाज आला, टण, टण, टण, मग थांबला. पोरगं कड्याच्या तोंडावरच्या एका फळीएवढ्या जागेवर बसून स्टीलची बाटली कातळावर आपटत होतं. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता, बाटली हाच त्याचा आवाज राहिला होता.

आता ही रात्र तशीच उचलून सात हजार मीटरवर न्या. आमचं कळसूबाई १,६४६ मीटर. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा होतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. आम्ही अकरा जण त्या रात्री गावातून जेवून निघालो आणि चार तासांत जागेवर पोचलो. तिकडे दिल्लीहून, डेहराडूनहून कितीही ताकदीचा जवान आणून हेलिकॉप्टरने सहा हजारांवर सोडलात तर काही तासांत त्यालाच डोकेदुखी, उलटी सुरू होईल आणि मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी भरलं तर आधी त्याला खाली आणावं लागेल. शरीराला त्या उंचीची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून "कोण जातं" या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की त्या दिवशी त्या डोंगरावर किंवा शेजारच्या डोंगरावर जे आधीच आठवडे काढून तयार झालेत तेच जाऊ शकतात. शेर्पा आणि दुसऱ्या मोहिमांचे गिर्यारोहक. तुमच्या बंदरासारखंच, जो आधीच पाण्यात आहे तोच वेळेत पोचतो.

२०१८ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या नांगा पर्बतवर असंच झालं. फ्रान्सची एलिझाबेथ रेव्होल आणि पोलंडचा टोमेक मॅकिविच भर हिवाळ्यात माथा करून उतरताना अडकले. त्याच वेळी पोलंडची टीम के-टूवर होती, सवय झालेली. त्यातल्या चौघांना हेलिकॉप्टरने नांगा पर्बतच्या पायथ्याशी उतरवलं, त्यातले ॲडम बिएलेत्स्की आणि डेनिस उरुब्को रात्रभर हजार मीटरहून जास्त चढले आणि सहा हजार मीटरच्या आसपास रेव्होलपर्यंत पोचले. तिचे हातपाय हिमदंशाने गेलेले. टोमेक अजून हजारभर मीटर वर होता, हलू न शकणारा. वर वादळ येत होतं. दोघांनी रेव्होलला घेऊन खाली यायचं ठरवलं. मी हा प्रसंग शिबिरात मुलांना सांगतो तेव्हा कोणीतरी विचारतंच की त्याला सोडलं? हो, सोडावं लागलं. वर गेले असते तर एकाची चार प्रेतं झाली असती.

हेलिकॉप्टरचं कोडं लोकांना कळत नाही कारण टीव्हीवर ते उडताना दिसतं. विरळ हवेत पंखा फिरतो पण पकडायला हवाच कमी, त्यामुळे उडणं जमतं, एका जागी स्थिर तरंगणं आणि वजन उचलणं जमत नाही. २००५ मध्ये दिदिए देल्साल नावाच्या फ्रेंच पायलटने एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवलं, हे खरं, पण एकटा, सगळं वजन काढून टाकलेलं मशीन, निवडलेला दिवस. २०१३ मध्ये एव्हरेस्टवर ७,८०० मीटरच्या आसपास लांब दोरीला लटकवून एकाला उचललं होतं, आणि एवढ्या वरून उचलण्याची उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच. त्याच्या वर माणूस असेल तर पाठीवर घेऊन उतरवावा लागतो. २०२३ मध्ये गेल्जे शेर्पाने तेच केलं, ८,००० मीटरच्या वर थंडीने गारठलेल्या एका मलेशियन गिर्यारोहकाला स्लीपिंग मॅटमध्ये गुंडाळून पाठीवर बांधला आणि तासन् तास उतरला. आपल्याकडे एअर फोर्सची आणि आर्मीची चीता हेलिकॉप्टरं सियाचिनला सहा हजार मीटरच्या वर उतरतात, जगात हे कौतुकाचं काम आहे, पण तिथे मोकळी जागा ठरलेली असते आणि उचलायचं वजन किलोकिलोने मोजलेलं असतं.

आणि एक गोष्ट माणसं विसरतात. हेलिकॉप्टर वरून बघतं तेव्हा ते शोधत नसतं, फक्त दिसतंय का बघतं. पांढऱ्या उतारावर अर्धा बर्फात गेलेला माणूस तीनशे मीटरवरून तांदळात खडा दिसावा तसाही दिसत नाही.

त्यामानाने दुर्बिणीवर माझा जास्त विश्वास आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत नांगा पर्बतच्या ममरी धारेवर डॅनिएले नार्दी आणि टॉम बॅलार्ड बेपत्ता झाले. नेमकं तेव्हाच भारत-पाकिस्तानचं वातावरण तापलेलं, आकाश बंद, हेलिकॉप्टर उशिरा मिळालं. स्पॅनिश गिर्यारोहक आलेक्स त्सिकोन के-टूवरून तिकडे गेला, ड्रोन उडवले, हिमस्खलनाच्या उतारावर चढूनही बघितलं, आणि शेवटी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ते दोघं दिसले ते बेस कॅम्पवरच्या टेलिस्कोपमधून, ५,९०० मीटरच्या आसपास. ड्रोनचं चांगलं उदाहरणही आहे. २०१८ मध्ये ब्रॉड पीकवर रिक ॲलन हा स्कॉटिश गिर्यारोहक मेला असं समजून सगळ्यांनी आशा सोडली होती, शेजारच्या के-टूच्या बेस कॅम्पवरून पोलंडच्या बार्टेक बार्गिएलने ड्रोन उडवला, त्यात तो जिवंत दिसला आणि मग माणसं बरोबर त्याच्याकडे पाठवता आली. ड्रोनने त्याला वाचवलं नाही, माणसं कुठे पाठवायची ते सांगितलं.

सॅटेलाईटचं विचारलंत. २०२१ च्या ५ फेब्रुवारीला के-टूवर मुहम्मद अली सदपारा, जॉन स्नोरी आणि हुआन पाब्लो मोर बेपत्ता झाले. अलीचा मुलगा साजिद त्यांच्यासोबत होता, ऑक्सिजनच्या रेग्युलेटरने दगा दिला म्हणून तो बॉटलनेकवरून, म्हणजे माथ्याखालच्या अरुंद घळीतून, परत फिरला, तीच शेवटची खात्रीची माहिती. पाकिस्तान आर्मीची हेलिकॉप्टरं, रडार सॅटेलाईटचे फोटो, सगळं झालं, काही सापडलं नाही. १८ फेब्रुवारीला मृत घोषित केलं. जुलैच्या शेवटी रोप लावत वर गेलेल्या टीमला तिघंही सापडले, चढायच्या वाटेवरच, बॉटलनेकच्या आसपास. म्हणजे सॅटेलाईटने अख्खा डोंगर चाळला आणि माणसं वाटेवरच होती. जिथे शेवटचं बघितलं तिथून पुढच्या वाटेवर पायी जाता येत नाही तोवर बाकीची साधनं खूपदा नुसती धीर द्यायला असतात, असं माझं मत आहे.

मग आशा ठेवायची की नाही? ठेवायची, पण कशाची ते समजून ठेवायची. हिमस्खलनात पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर बहुतेक वाचतो, अर्धा तास झाला की फार थोडे वाचतात. म्हणून तिथे बाहेरून येणाऱ्या टीमचा उपयोग नसतो, सोबत्याच्या खिशातला ट्रान्सिव्हर, म्हणजे गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र, काठी आणि फावडं हेच काम करतं. हिमभेगेत पडलेल्याचं वेगळं. तिथे वारा लागत नाही, हवा असते, आणि हाड मोडलेलं नसेल तर माणूस आपल्या अंदाजापेक्षा जास्त टिकतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये अन्नपूर्णावर उतरताना राजस्थानचा अनुराग मालू हिमभेगेत पडला. १७ तारखेला पडला, २० ला शेर्पांनी आणि बिएलेत्स्कीने, हो तोच नांगा पर्बतवाला, खाली उतरून त्याला काढला, आणि तो जिवंत होता. उपचाराला कित्येक महिने गेले पण तो घरी आला. २०१६ मध्ये सियाचिनला लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले, पुढे दिल्लीत वारले, पण सहा दिवस त्या माणसाने काढले. त्यामुळे हिमभेगेची शक्यता असेल तर मी तिसऱ्या दिवशीही वर जायच्या बाजूने बोलतो. आणि आठ हजारांच्या वर उघड्यावर दोन रात्री गेल्या असतील तर बोलत नाही.

आता थांबण्याचं. गढवालमधल्या एका सहा हजारी शिखरावर आम्ही गेलो होतो, दोन मुलं माथ्याकडे निघालेली, एक परत आला, दुसरा नाही. हरवलेला रत्नागिरी जिल्ह्यातलाच. त्यांच्या टीमचे सगळे थकलेले, आम्ही शेजारच्या खोऱ्यात होतो म्हणून आम्हाला बोलावलं. परत आलेल्या मुलाला चहा दिला आणि दोन तास त्याच्याशी बोललो, तुटक सांगत होता. धुकं आलं, तो पुढे होता, मग मागे वळलो तर नाही. हातात काय होतं? आईस ॲक्स. दोघं एका रोपवर होता? नाही, सोडला होता. का सोडला हे मी त्याला विचारलं नाही, त्या दिवशी त्याची गरज नव्हती आणि तो मुलगा आयुष्यभर ते स्वतःला विचारणारच होता.

कागदावर उताराचं चित्र काढलं, चौकोन पाडले. ट्रायपॉडवर दुर्बीण लावली, आपल्याकडे खाडीवर पक्षी बघणारे वापरतात तसली. वीस मिनिटं एकाने बघायचं, वीस मिनिटं दुसऱ्याने, कारण त्यापुढे डोळ्यातून नुसतं पाणी येतं आणि प्रत्येक खडक माणूस दिसायला लागतो. एक चौकोन बघून झाला की त्यावर फुली मारायची आणि दुपारी उन्हाचा कोन बदलला की तोच चौकोन परत बघायचा. तिसऱ्या दिवशी एका घळीच्या तोंडाशी नारिंगी ठिपका दिसला. त्याचं जॅकेट नारिंगी होतं. दोघं जण साडेचार तास चढून गेले आणि वॉकीटॉकीवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग आवाज आला, "टेंटचं कापड आहे, जुनं." कुठल्यातरी आधीच्या मोहिमेचं.

त्या रात्री दोन फूट बर्फ पडला. सकाळी त्या उतारावरून आपोआप लहान लहान लोट सुटत होते, आवाज येत होता. आमच्यातला एक तरुण म्हणाला मी एकटा जाऊन येतो. मी नाही म्हणालो. तो रडला. पाचव्या दिवशी आम्ही थांबलो. थांबताना एकदा तरी हे सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून ठरवायचं असतं की वर जिवंत माणूस असण्याची शक्यता किती आणि वर गेलेल्यांपैकी कोणी न येण्याची शक्यता किती, आणि दुसरा आकडा पहिल्याहून मोठा झाला की थांबायचं. हा निर्णय थकव्याने होऊ द्यायचा नाही, आणि लाजेनेही होऊ द्यायचा नाही. २०१९ मध्ये नंदादेवी पूर्वच्या बाजूला ब्रिटिश गिर्यारोहक मार्टिन मोरान आणि त्यांच्यासोबतचे सात जण हिमस्खलनात गेले, ३ जूनला हेलिकॉप्टरमधून पाच मृतदेह दिसले, तरी ते काढायला आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, जवान पायी वर पोचेपर्यंत २३ जून उजाडला, कारण घाई केली असती तर जवान गेले असते. सात मिळाले, आठवा नाही.

त्या मुलाच्या वडिलांना फोन मी केला. ते शाळेत मास्तर होते. खालून कोणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगा दिसलाय, आणतायत. नारिंगी कापडाची बातमी अर्धीच खाली गेली होती. मी त्यांना सांगितलं की सर, तो दिसलेला नाही, आम्ही अमुक इतक्या जागा बघितल्या, अमुक जागा बघता आली नाही, आणि आजपासून थांबतोय. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "त्याच्या अंगात जॅकेट होतं ना हो?" मी म्हटलं होतं सर, चांगलं होतं. एवढंच बोलणं झालं. तेव्हापासून आमच्या मोहिमेत घरी फोन एकच माणूस करतो, रोज ठरलेल्या वेळेला, काही नवीन नसलं तरी करतो, आणि "मिळेल, काळजी करू नका" हे वाक्य आम्ही बोलत नाही.

आम्ही बघितलेले चौकोन, तारखा, हवामान, कोण कुठे गेला, हे सगळं लिहून सही करून दिलं. त्याचा पुढे घरच्यांना उपयोग झाला. मृतदेह नसला की कायद्याने साधारण सात वर्षं बेपत्ता असल्याशिवाय मृत धरत नाहीत, आणि तोवर विमा, बँक, नोकरीतले पैसे सगळं अडकतं. दरड कोसळल्यावर सरकार वेगळा आदेश काढून बेपत्तांना मृत जाहीर करतं, महाडच्या तळियेला २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडीला २०२३ मध्ये केलं, पण एकट्या गिर्यारोहकासाठी तसं आपोआप होत नाही. अशा वेळी लीडरचा आणि लायझन ऑफिसरचा, म्हणजे मोहिमेसोबत नेमलेल्या अधिकाऱ्याचा, लेखी अहवाल मोठा आधार असतो.

थांबवलेला शोध कधी कधी डोंगरच पुढे नेतो. जॉर्ज मॅलरी आणि सँडी अर्व्हिन हे ब्रिटिश गिर्यारोहक १९२४ च्या ८ जूनला एव्हरेस्टवर गेले ते आलेच नाहीत. १९३३ मध्ये वर एक आईस ॲक्स मिळाली, १९७५ मध्ये जुन्या इंग्रजाचं प्रेत बघितल्याचं एका चिनी गिर्यारोहकाने पुढे सांगितलं होतं. या दोन गोष्टी जोडून १९९९ मध्ये उताराचा एक तुकडा ठरवला, आणि शोधाच्या पहिल्याच दिवशी, १ मेला, कॉनरॅड अँकरला मॅलरी सापडला, ८,१५५ मीटरवर, पंचाहत्तर वर्षांनी. अर्व्हिनचं पाऊल २०२४ मध्ये खालच्या हिमनदीत मिळालं, मोज्यावर शिवलेल्या नावावरून ओळखलं. आपल्याकडे १९६८ मध्ये हिमाचलात पडलेल्या एअर फोर्सच्या एएन-१२ विमानातल्या चौघांचे मृतदेह २०२४ मध्ये मिळाले. बर्फ माणूस ठेवून घेतो आणि आपल्या चालीने खाली आणतो.

ताई, आता तुमच्या भाच्याचं. आमच्या त्या रात्रीचा सगळा शोध एका फोनच्या वाक्यावर उभा होता, तसाच त्याचाही उभा राहणार, म्हणून ते वाक्य त्याने निघण्याआधीच घरी ठेवून जावं. त्याला सांगा एका कागदावर रूट लिही, प्रत्येक कॅम्पची उंची आणि तारीख लिही, आणि माथ्यावरच्या दिवशी किती वाजता कुठेही असलो तरी परत फिरणार ती वेळ लिही. निघताना पूर्ण पोशाखात उभा करून समोरून आणि पाठून फोटो काढा, हेल्मेट, जॅकेट, पँट, सॅक सगळ्याचे रंग दिसले पाहिजेत, बुटाच्या तळव्याचाही फोटो काढा, हसू नका, बर्फातला ठसा ओळखायला तोच लागतो. आणि पांढरं, राखाडी, काळं असलं काही अंगावर नको.

नेपाळमध्ये हेलिकॉप्टर खाजगी कंपन्यांची असतात, पैशांची हमी मिळाल्याशिवाय सहसा उडत नाहीत. म्हणून विमा काढताना पॉलिसीत किती मीटरपर्यंत रेस्क्यू धरलाय ते शब्दन् शब्द वाचा, बऱ्याच पॉलिसी ट्रेकच्या उंचीवर संपतात. विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर घरच्या भिंतीवर लावा, कारण रात्री दोन वाजता तो फोन तुम्हालाच करावा लागेल. सॅटेलाईट ट्रॅकर नेपाळमध्ये जरूर घ्यावा, पण इकडून विमानात नेताना विचारून घ्या, भारतात परवानगीशिवाय सॅटेलाईट फोन किंवा तसलं उपकरण बाळगलं तर अटक होते, माहीत नसल्याने विमानतळावर अडकलेले लोक आहेत. एव्हरेस्टवर नेपाळने २०२४ पासून ट्रॅकिंग चिप सक्तीची केलीय, बाकी शिखरांवर तसं गृहीत धरू नका. आणि शिट्टी गळ्यात असू दे, सॅकमध्ये नको. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. हे त्याला कोर्समध्ये शिकवलंय, तरी तुम्ही विचारा.

एजन्सी ठरवताना पैशांआधी हे विचारायला सांगा की वरच्या कॅम्पवर माझ्यासोबत शेर्पा कोण, तो याआधी किती वेळा त्या डोंगरावर गेलाय, आणि त्या आठवड्यात डोंगरावर दुसऱ्या किती टीम असतील. शेवटचा प्रश्न पोरं विचारत नाहीत, त्यांना एकांत हवा असतो. पण वर काही झालं तर तीच माणसं त्याच्या बंदरातल्या बाकीच्या बोटी आहेत.

रूट आणि तारखा पक्क्या झाल्या की मला पाठवा, कागद एकदा नजरेखालून घालतो. त्याला दिवाळीच्या आधी एक रविवार इकडे खेडला पाठवलात तर आणखी बरं, हिमभेगेतून माणूस वर ओढायची पुली आमच्या टीमसोबत कातळावर बांधून घेऊ, कोर्सनंतर हात विसरतात.